विष्णुपंत दामले : कारखाना, जोडीदार आणि नट

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म ऑक्टोबर १८९२ मध्ये पेण येथे झाला. पेण हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्याच जिल्ह्यातील उरण तालुक्यातली जासईसारखी गावे आज नवी मुंबईच्या विस्तारात आली आहेत. दामले यांच्या बालपणी मात्र हा सारा खाडीकाठ भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता, आणि दिवसभराचे कष्ट आटोपल्यावर देवळात टाळ-मृदंग घेऊन बसणारी माणसे तेथे गावोगाव होती. पुढे दामले यांनी जे संतपट निर्माण केले त्यांचा या मुलखाशी सरळ संबंध जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक असले तरी तो टाळलेला बरा. दामले जन्मले कुलाब्यात. घडले मात्र कोल्हापुरात, आणि तेही एका कारखान्यात.

कारखाना हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील चुलतबंधू 'पेंटर' या नावाने ख्यात होते. नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविणे हा त्यांचा व्यवसाय, पण तेथे चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम आणि छायाचित्रण यांच्यात भिंती नव्हत्या. ज्याला जे काम येते ते त्याने करावे आणि जे येत नाही ते शिकावे, एवढाच तेथला अभ्यासक्रम. दामले या कारखान्यात आले आणि पडदे रंगवू लागले. पडदा रंगविणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते. त्याचे चित्र स्वतंत्रपणे पाहिले जाणार नसते. त्याच्यापुढे एक जिवंत माणूस उभा राहणार असतो आणि प्रेक्षकाची नजर त्या माणसावर खिळली तरच पडदा साधला असे म्हणायचे. पडदा फार बोलू लागला तर नट मुका होतो. दामले यांच्या दिग्दर्शनाचा विचार करताना ही आरंभीची शिकवण विसरून चालत नाही.

आनंदराव १९१६ मध्ये अकाली निवर्तले. चलच्चित्रांचा ध्यास दोघा भावांचा होता. तो बाबूरावांनी पुढे नेला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो येथेच बनवावयाचा असे ठरले आणि १९१८ च्या सुमारास तो बनला. या खटपटीत दामले हे बाबूरावांचा उजवा हात होते. कॅमेरा उघडून पुन्हा जोडणाऱ्या माणसाला त्या यंत्राचे भय राहत नाही, तसेच त्याचे अवाजवी कौतुकही राहत नाही. पुढे तानीबाई कागलकर या गायिकेच्या आर्थिक साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' प्रदर्शित झाला. ज्या काळात स्त्रिया पडद्यावर येण्यास धजत नव्हत्या त्या काळात या चित्रपटात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, ही बाब इतिहासकारांनी वारंवार नोंदविली आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव हे सर्वार्थाने गुरू होते. वेषभूषा, नेपथ्य, नटाच्या उभे राहण्याची ढब, प्रकाशाची दिशा हे सारे त्यांच्या रेखाटनांतून आधी कागदावर उतरे आणि मग छायालेखन होई. नट हा त्या चित्रातील एक आकृती. मूकपटाला ही पद्धत मानवली, कारण मूकपटातील नटाकडून शब्दाची अपेक्षा नव्हती. आकृती बोलकी असली की पुरे. याच कंपनीत दामले यांची शेख फत्तेलाल यांच्याशी जोडी जमली. फत्तेलाल हे कोल्हापूरजवळच्या कागलचे, आणि हाडाचे चित्रकार. पुढे सिनेसृष्टीत एक दामलेमामा आणि दुसरे साहेबमामा म्हणून ओळखले गेले. या दोघांनी १९२८ मध्ये 'महारथी कर्ण' हा मूकपट एकत्र दिग्दर्शित केला. कोणी काय केले याची वाटणी त्या चित्रपटापासूनच करता येत नाही. फत्तेलाल यांच्या हाती रंग-रेषा आणि दामले यांच्या हाती यंत्र, अशी ढोबळ विभागणी केली जाते. ती सोयीची असली तरी अपुरी आहे, कारण दोघेही एकाच कारखान्यात दोन्ही कामे शिकले होते.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूरावांच्या हाताखालून बाहेर पडलेले, आणि पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी यांनी भांडवल उभे केले. शिष्यांनी गुरूला सोडले, अशी या घटनेची हळवी मांडणी अनेकदा केली जाते. वस्तुतः बाबूरावांच्या कारखान्याची पद्धतच हे वियोगाचे बीज पोसत होती. जो प्रत्येकाला प्रत्येक काम शिकवितो तो त्याला स्वतंत्रही करतो; नाव मात्र एकाचेच राहते. सर्व कामे अवगत असलेली चार माणसे एका नावाखाली कायम राहणे कठीणच होते. प्रभातने बाबूरावांची शिस्त घेतली आणि एका नावाऐवजी भागीदारी आणली. मासिक वेतनावरील नट, दीर्घ तालमी, कोणतेही काम हलके न मानणे ही प्रभातची ख्याती कोल्हापूरच्या त्या जुन्या कारखान्यातूनच आली आहे.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. प्रभातने हे आव्हान 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाने स्वीकारले. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांच्यावर आली. ज्याने कॅमेरा जोडला होता त्याने आता आवाजाचे यंत्र समजून घेतले. या टप्प्याकडे तांत्रिक प्रगतीची एक पायरी म्हणून पाहिले जाते, परंतु दामले यांच्यातील दिग्दर्शकाच्या जडणघडणीत त्याचे मोल अधिक आहे. नाटकातील नट शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासाठी बोलतो. ध्वनिग्राहक मात्र त्याच्यापासून काही हातांवर असतो, आणि नाट्यगृहात भारदस्त वाटणारा आवाज तेथे बेगडी ठरतो. कानाला यंत्र लावून दिवसचे दिवस नटांचे बोलणे ऐकणाऱ्या माणसाला खरे बोलणे कोणते आणि बोलल्याचा अभिनय कोणता हे इतर कोणाहीपेक्षा आधी कळणार. गोविंदराव टेंबे यांच्यासारखे संगीत रंगभूमीवरील कलावंत आणि दुर्गा खोटे यांच्यासारख्या नाटकाचा संस्कार नसलेल्या नवख्या अभिनेत्री या एकाच चित्रपटात एकत्र आल्या होत्या. या दोन प्रकारच्या आवाजांतील अंतर ध्वनिमुद्रकाने प्रत्यक्ष कानांनी अनुभवले होते.

१९३३ मध्ये प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यास स्थलांतर केले. नव्या स्टुडिओत दिग्दर्शनाची धुरा मुख्यतः शांताराम यांच्याकडे होती. 'अमृतमंथन' (१९३४), 'धर्मात्मा' (१९३५), 'अमरज्योती' (१९३६) हे त्यांचे चित्रपट एकामागोमाग एक आले. यांपैकी 'धर्मात्मा' हा संत एकनाथांवरील चित्रपट असून त्यात प्रमुख भूमिका बालगंधर्वांची होती. रंगभूमीवर स्त्रीरूपाने एका पिढीला वेड लावणारा हा थोर नट पडद्यावर पुरुषवेषात आला आणि त्याची जादू तेथे उतरली नाही. एक वर्षाच्या अंतराने त्याच स्टुडिओत दामले आणि फत्तेलाल यांनी तुकारामाच्या भूमिकेसाठी ज्या माणसाची निवड केली तोही पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असे. हा योगायोग सहज ओलांडून जाण्यासारखा नाही.

विष्णुपंत पागनीस हे स्वदेश हितचिंतक मंडळीत स्त्रीपार्टी नट म्हणून गाजलेले. पुढे रंगभूमी सोडून ते संगीताच्या शिकवणीत आणि भजनात रमले होते. त्यांच्या निवडीविषयी प्रभातमध्येच शंका व्यक्त झाली होती. त्यांच्या हालचालींतील मार्दव तुकारामासारख्या फटकळ, रोखठोक संतकवीला शोभणार नाही, असा आक्षेप होता, आणि तो निराधार नव्हता. गाथेतील तुकाराम कठोरही आहे. भोंदूंवर शब्दांचा आसूड ओढताना तो कोणाची भीड धरीत नाही. दामले-फत्तेलाल आपल्या निवडीवर ठाम राहिले. त्यांना कोणता तुकाराम दाखवावयाचा होता हे त्या निवडीतच ठरून गेले. पागनीसांना भजनाचा अभिनय करावा लागणार नव्हता. भजन हे त्यांचे जगणेच होते. ज्याच्या अंगी जे आहे ते त्याच्याकडून घ्यावे, नसलेले लादू नये, हे दामले-फत्तेलाल यांचे नटाविषयीचे धोरण होते. त्यामुळे गाथेतील एक तुकाराम पडद्यावर आला आणि दुसरा, भांडणारा तुकाराम मागे राहिला. मराठी माणसाच्या मनातील तुकारामाला १९३६ नंतर पागनीसांचाच चेहरा लाभला. या लाभाची ही किंमतही वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावयास हवी.

पण मागे राहिलेला तो रोखठोकपणा चित्रपटातून नाहीसा झाला असे मात्र नाही. तो जिजाईकडे गेला. ही भूमिका गौरी यांनी केली. त्या प्रसिद्ध नटी नव्हत्या. प्रभातमध्येच लहानसहान कामे करीत त्या पुढे आल्या होत्या. त्यांची जिजाई म्हैस हाकते, मुलांना दटावते, नवऱ्यावर करवादते आणि त्याच्यावाचून तिला करमतही नाही. मुलगा आजारी पडला असता चप्पल हाती घेऊन ती देवळात शिरते आणि विठोबालाच जाब विचारते, हा प्रसंग मराठी चित्रपटातील अविस्मरणीय प्रसंगांपैकी एक होय. तेथे गौरींच्या चालण्यात, कमरेवर हात ठेवण्यात, श्वास लागण्यात कोणताही शिकविलेला आविर्भाव दिसत नाही. नवरा मृदू आणि बायको करारी, ही उलटापालट पागनीसांच्या स्त्रीपार्टी वळणामुळे अधिकच खुलली. ज्या गुणाला दोष म्हणून पाहिले जात होते त्याला समोरच्या नटीच्या गुणाने अर्थ दिला. नटांची निवड सुटी सुटी न करता एकाचा दुसऱ्याशी तोल साधून करणे, हे या दिग्दर्शकद्वयाचे खरे कौशल्य होते.

तिसरा नट या तोलातला म्हणजे सालोमालोची भूमिका करणारे भागवत. त्यांचा अभिनय सरळसरळ नाटकी आहे. डोळे फिरविणे, मान वेळावणे, गाताना ताना घेऊन श्रोत्यांकडे पाहणे हे सारे रंगभूमीच्या जुन्या वळणाचे. चित्रपटाच्या आरंभीच एक अभंग तुकाराम आपल्या तंद्रीत म्हणतो आणि तोच अभंग सालोमालो देवळात भपक्याने, आपला म्हणून सादर करतो. केशवराव भोळे यांच्या संगीतयोजनेने हा भेद कानांना कळतो आणि दोन नटांच्या शैलींनी तो डोळ्यांना कळतो. अशा रीतीने एकाच चित्रपटात तीन अभिनयपद्धती शेजारी शेजारी नांदतात : पागनीसांची भजनी तल्लीनता, गौरींचा रोजच्या जगण्यातला सहजपणा आणि भागवतांची नाटकी ऐट. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने तिघांना एका साच्यात बसविण्याचा यत्न केला असता. येथे शैलीतील विसंगतीच आशयाला उपकारक ठरली आहे. दांभिकाचा अभिनय दिखाऊ आणि भक्ताचा अभिनय अभिनयच न वाटणारा. हे साधण्यासाठी संवादांतून काहीच सांगावे लागले नाही.

सालोमालोसंबंधी आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. दुसऱ्याच्या अभंगावर आपली मुद्रा उमटविणारा कवी, ही त्याची परंपरेतील ओळख. शिवराम वाशीकर यांच्या पटकथेने तुकारामाला झालेल्या विरोधाचे अनेक धागे या एका पात्रात गुंफले. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग स्वतः रचला आणि तो तुकारामाच्या वळणाशी इतका एकरूप झाला की अनेकांनी तो गाथेतलाच मानला. सालोमालो तुकारामाचे आपल्या नावावर खपवितो, तर आठवले यांची रचना तुकारामाच्या नावावर जाते आणि कवी त्याबद्दल खंत करीत नाही. प्रभातमधील सहकार्याचे मर्म एखाद्या तात्त्विक विवेचनापेक्षा या उदाहरणातून अधिक स्पष्ट होते.

'संत तुकाराम' डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि तेथे ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. भारतीय चित्रपटाला असा मान तोवर लाभला नव्हता. लोकांनी तो केवळ करमणूक म्हणून पाहिला नाही. वारीला जावे तशा भावनेने माणसे चित्रपटगृहात आली. चमत्कारांचे प्रसंग त्यात आहेत, बुडविलेल्या वह्या परत येतात, अखेरीस वैकुंठाचे विमानही येते. परंतु हे चमत्कार पटतात ते आधीच्या दोन तासांत घर, गोठा, इंद्रायणीचा काठ आणि तेथली माणसे पटलेली असतात म्हणून. यंत्राची करामत माहीत असलेला माणूस ती केव्हा वापरू नये हेही जाणतो, याचा हा पुरावा आहे.

श्रेयाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रभातचा इतिहास बव्हंशी शांताराम यांच्या नावाभोवती लिहिला गेला. ते स्वाभाविक आहे. त्यांची कारकीर्द दीर्घ, व्यक्तिमत्त्व प्रभावी आणि त्यांच्या आठवणी ग्रंथरूपाने उपलब्ध. दामले यांनी मागे ठेविले ते चित्रपट. प्रभातच्या कोणत्याही चित्रपटाला सर्वच भागीदारांचा हात लागलेला असे, हे मान्य करूनही 'संत तुकाराम'ची प्रकृती शांताराम यांच्या चित्रपटांहून भिन्न आहे हे दृष्टीआड करता येत नाही. शांताराम यांचा कॅमेरा प्रेक्षकाला काही तरी पटवून देऊ पाहतो. प्रतीके, छायाप्रकाशाचे खेळ, आघात देणारे कोन यांत त्यांचे सामर्थ्य आहे. दामले-फत्तेलाल यांचा कॅमेरा माणसाजवळ थांबतो आणि त्याला त्याच्या गतीने वागू देतो. पडदा रंगविताना नटाला जागा सोडण्याची जी सवय लागली होती तिचेच हे पुढचे रूप होय. एका ब्राह्मणाने आणि एका मुसलमानाने मिळून महाराष्ट्राच्या वारकरी संताचे चरित्र साकारले याचे आज विशेष वाटते. त्या कारखान्यात मात्र ते कामाच्या ओघात घडले.

'गोपालकृष्ण' (१९३८) हा मूकपटाच्या काळातील प्रभातच्याच विषयाचा बोलपट. राम मराठे हे तेव्हा कुमारवयीन, पुढे शास्त्रीय गायनात थोर झालेले. त्यांचा कृष्ण आणि शांता आपटे यांची राधा. गुराख्यांच्या पोरांचा दंगा या चित्रपटात मोकळेपणाने उतरला आहे. 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये शाहू मोडक यांनी ज्ञानेश्वर साकारला. ते नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. येथेही निवडीचा निकष तोच होता. चेहऱ्यावरील शांती शिकवून येत नाही. तरीही हा चित्रपट 'तुकाराम'च्या उंचीला जात नाही असेच म्हणावे लागते. भिंत चालते, रेडा वेद म्हणतो, आणि या करामती अप्रतिम साधल्या आहेत. मात्र ज्ञानेश्वराशेजारी जिजाई नाही. भक्ताला जमिनीवर खेचणारे, त्याच्याशी भांडणारे माणूस नसले की संत एकाकी व शोभिवंत होतो. 'संत सखू' (१९४१) मध्ये हंसा वाडकर यांच्या सखूभोवती सासरचा जाच आणि घरकामाचे ओझे आल्याने ही उणीव काही अंशी भरून निघाली. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात दामले-फत्तेलाल यांच्यासमवेत राजा नेने यांचेही नाव आहे. दोन नावांची तीन झाली. सहायकाला आपल्या नावाशेजारी नाव देणे ही त्या काळातील चित्रपटव्यवसायात सामान्य गोष्ट नव्हती. बाबूरावांच्या कारखान्यात ज्याचे नाव दीर्घकाळ मागे राहिले होते त्याने हे करावे, यात दामले यांच्या स्वभावाचा एक दुवा सापडतो.

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि भागीदारीचे ते जुने रूप संपुष्टात आले. तेरा वर्षांपूर्वी कोल्हापुरात जे घडले होते तेच पुण्यात पुन्हा घडले, फक्त या वेळी मागे राहिलेल्यांत दामले होते. संस्था चालविण्याचा भार उरलेल्या भागीदारांवर पडला. 'रामशास्त्री' (१९४४) हा प्रभातचा त्या काळातील महत्त्वाचा चित्रपट. गजानन जागीरदार यांची त्यातील शीर्षक भूमिका गाजली. पागनीस १९४३ मध्ये निवर्तले होते. 'तुकाराम'नंतर त्यांना अन्य निर्मात्यांनी तुलसीदास, नरसी मेहता अशा संतांच्या भूमिका दिल्या; परंतु देहूच्या वाण्याची ओळख त्यांच्यापासून सुटली नाही.

विष्णुपंत दामले यांचे जुलै १९४५ मध्ये निधन झाले. त्यांचे वय तेव्हा त्रेपन्नही पूर्ण नव्हते. फत्तेलाल त्यांच्यानंतर जवळजवळ दोन दशके हयात होते. प्रभातचे काम १९५० नंतरच्या दशकात थांबले आणि १९६० मध्ये त्याच जागेत शासनाची चित्रपटशिक्षणसंस्था सुरू झाली. दामले ज्या मजल्यावर उभे राहून नटांचे बोलणे ऐकत असत तेथे छायालेखन, ध्वनिमुद्रण, संकलन आणि दिग्दर्शन हे विषय स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून शिकविले जाऊ लागले.